पाय दाखव आधी

वणीला ती खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा घरमालकीण बाईंनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "चप्पल काढ. पाय दाखव."

मला वाटलं, घरात माती येऊ नये म्हणून म्हणत असतील. मी चप्पल काढून उभी राहिले.

"वरतून नाई वं. तळवे दाखव."

गावात कुणी ओळखीचं नव्हतं, शाळेत रुजू व्हायचं होतं आणि बाकीच्या दोन खोल्या बघून झाल्या होत्या. मी दाराची चौकट धरली आणि आधी एक पाय उचलला, मग दुसरा. त्यांनी वाकून माझ्या टाचेवरून, बोटांच्या बेचक्यांतून हळूहळू बोट फिरवलं, पेरू पिकलाय का ते बघावं तसं. मग म्हणाल्या, "टाच फुटून राह्यली. राती तेल लावत जाजो. खोली वरती आहे, पाहून घे."

मी त्यांना काकू म्हणायला लागले, आणि त्या मला मास्तरीन.

पुढे कळलं की हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नव्हतं. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला काकूंना पाय दाखवावे लागत. दूधवाला सवयीने आधीच एक पाय वर करून उभा राहायचा. गॅसवाला मात्र सिलिंडर फाटकातच ठेवायचा आणि पळायचा. एकदा आमच्या शाळेचे मुख्याध्यापक माझी कसलीशी सही घ्यायला घरी आले. मी वरून खाली येईपर्यंत सर ओसरीवर बूट-मोजे काढून बसलेले, आणि काकू त्यांच्या अंगठ्याचं नख चाचपून सांगत होत्या, "हे वाकडं कापता तुमी. सरळ कापत जा. कोपऱ्यात घुसलं का कामातून गेले समजा." सर लाजेने लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मला हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या काकूंनी सांगितलं ते खरंच आहे हो. दुखतं मला तिथं."

काकूंची सारी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत गेली होती. ट्रंक कॉल लावून द्यायच्या तेव्हापासून. त्यामुळे अजूनही मोबाइल वाजला की "हॅलो" म्हणायच्या नाहीत, "बोला, नंबर सांगा" म्हणायच्या आणि मग स्वतःच चिडायच्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती लग्न होऊन रायपूरला. घर मोठं नव्हतं. पुढे ओसरी, मागे आंगण, एक सीताफळ, आणि सगळ्यावर कोळशाची बारीक काळी भुकटी. वणीत राहायचं तर ती पुसत राहायची. मात्र काकूंचे मोजे पांढरेशुभ्र असत. भर उन्हाळ्यातही पांढरे मोजे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "काया रंगाच्या मोज्यावर रगत दिसत नाई."



त्यांच्या मोठ्या बहिणीची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, मेथी निवडता निवडता. बहीण आर्णीकडे दिलेली. घरची शेती, कपाशी. वेचा संपला, पऱ्हाट्या उपटल्या, तरी एखादा खुंट जमिनीत राहतोच. तो बहिणीच्या तळव्यात घुसला. तिला शुगर होती, पाय कधीचेच बधिर झालेले. तिला कळलंच नाही. चपलेत खुंटाचा तुकडा घेऊन ती हिंडत राहिली.

"पह्यले अंगठा काढला," काकू म्हणाल्या. एक काडी खुडली. "मंग पाऊल. मंग गुडघ्यापासून. मंग बाईच गेली." मेथीची जुडी संपली होती. त्यांनी पानं सारखी केली आणि म्हणाल्या, "पाय गेला का मानूस घरातलं सामान होते. कोपऱ्यात ठेवलं का ठेवलं."

काकूंनाही शुगर होतीच. सकाळी इन्सुलिन, मग खाणं. रोज सकाळी जोडे उलटे करून आपटायच्या, मग आत हात घालून खडा, काटा, विंचू काही आहे का ते चाचपायच्या. अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवायच्या. आणि दिवेलागणीला, देवापाशी दिवा लावून झाला की जमिनीवर आरसा ठेवायच्या, पाटावर बसून एकेक पाय त्याच्यावर धरायच्या आणि तळव्याकडे बघत बसायच्या. मी वरून खाली येत असले तर जिन्यातच थांबत असे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही हे मला न सांगता कळलं होतं. कुणी निकालाच्या फळ्यासमोर उभं असावं तसा त्यांचा चेहरा असायचा.

मला तेव्हा हे सगळं लांबचं वाटायचं. मग आमच्या शाळेत तपासणीचं शिबीर झालं. सगळ्या शिक्षकांच्या बोटाला सुई टोचली, आणि माझा आकडा बघून त्या मुलीने पुन्हा टोचून बघितलं. नंतर दवाखान्यात रीतसर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, शुगर आहे. माझी अजून पस्तिशीही उलटली नव्हती.

माझे वडील शुगरनेच गेले. शेवटचं वर्षभर आम्ही आमच्या गावाहून, बोरी अरबहून, त्यांना डायलिसिसला यवतमाळला नेत होतो. परतताना गाडीत ते खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसायचे आणि मला वाटायचं, गेले. प्रत्येक वेळी वाटायचं. त्यांच्या छातीकडे बघत मी तो सगळा रस्ता काढायची.

त्या दिवशी दवाखान्यातून आले आणि वर जायचं सोडून जिन्याच्या पायरीवरच बसले. काकू आल्या. माझ्या हातातली चिठ्ठी त्यांनी घेतली, डोळ्याजवळ नेली आणि परत दिली.

"तू सांग, काय लिवलं?"

मी सांगितलं. मला वाटलं त्या धीर देतील. त्या म्हणाल्या, "रडू नोको. रडल्यानं काही उतरत नाई, चालल्यानं उतरते. पाय चांगले आहेत तुहे. मी पाह्यले आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला फोनवरून सांगायला लावून माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून घेतलं. मुलीने काकूंच्या मोबाइलमध्ये आधीच घातलेलं होतं. शुगरच्या लोकांनी चालत राहावं म्हणून केलेलं ते ॲप होतं. किती चाललो ते मोजायचं, खूप वेळ बसून राहिलं की उठवायचं, खुर्चीत बसून करायचे व्यायाम दाखवायचं. आम्ही तिघींनी त्यात एक गट केला, म्हणजे कोण चाललं, कोण नाही, कोण कुठे आहे ते एकमेकींना नकाशावर ठिपक्यासारखं दिसायचं. मुलगी तिकडे रायपूरला ऑफिसच्या जिन्यात चालायची, आम्ही इकडे वणीत.

त्या ॲपला आवाज होता. एका बाईचा, हिंदीत बोलणारा, अतिशय गोड. बाकी कुणी तो आवाज बंद करून टाकला असता. काकूंनी तो सगळ्यात मोठा केला होता आणि त्या त्याच्याशी भांडायच्या.

"आप काफ़ी देर से बैठी हैं," ती म्हणायची.

"भाकर थापून राह्यली मी, दिसत नाई का तुले?"

"चलिए, थोड़ा टहलते हैं."

"तू चाल ना पुढं. आली मी."

मी एकदा म्हटलं, "काकू, ती खरी बाई नोहे. मशीन हाय."

त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत राहिल्या. "मले नोको सांगू. मी पन मशीनच होती लोकाईले. लोक शिव्या देत. कोनी तरी बसूनच आवाज देल्ला असंन ना तिनं? घसा दुखला असंन."

आम्ही पहाटेनंतर, उजाडलं की निघायचो. गावाबाहेर खाणीकडे जाणारा रस्ता. एका बाजूला कपाशीची, तुरीची वावरं, दुसऱ्या बाजूला खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर. त्या डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याला काटेरी झुडपांचं रान माजलेलं. काकूंच्या एका हातात पातेल्याचं झाकण आणि दुसऱ्या हातात पळी. कुत्री दिसली की वाजवायचं, डंपर मागून आला की वाजवायचं, काहीच दिसलं नाही तर दिसू नये म्हणून वाजवायचं. गळ्यात मोबाइल, त्यातून ती बाई "बहुत बढ़िया" म्हणतेय, आणि मागून मी तोंड लपवत चालतेय. शाळेतली मुलं सायकलवरून जाताना हसायची. पण माझी शुगर उतरायला लागली होती. डॉक्टरांनी आकडा बघून मान डोलावली, तेव्हा काकूंनी घरी येऊन ती चिठ्ठी देवासमोर ठेवली.

त्या हिवाळ्यात वाघ आला.

खाणीच्या मातीच्या डोंगराआड एक गाय मारलेली सापडली. मग कुणाच्या तरी वावरात ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले आणि त्यांचे फोटो गावभर फिरले. पंजाशेजारी कुणीतरी आपला तळहात ठेवून फोटो काढला होता. तो हात मोठ्या माणसाचा होता, तरी पंजाच मोठा दिसत होता. वनखात्याने रस्त्याच्या तोंडाशी फलक लावला की सकाळ-संध्याकाळ या रस्त्याने पायी जाऊ नये. फिरायला जाणारे सगळे बंद झाले. मीही बंद झाले. मी गच्चीवर चालायचे. काकूंना म्हटलं, तुम्हीपण गच्चीवर या. जिन्याने गुडघे दुखतात म्हणून त्या आंगणात चालायला लागल्या, सीताफळाला फेऱ्या घालत. पण आंगण छोटं. फिरून फिरून त्यांना गरगरायचं, आणि संध्याकाळी ती बाई म्हणायची, "आज आप अपने लक्ष्य से पीछे रह गईं."

हे वाक्य काकूंना सहन होत नसे. त्यांचा चेहरा उतरायचा. मग आरसा घेऊन बसायच्या त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"काकू, वाघ हाय बाहेर," मी म्हणायची.

"वाघ एकदाच खाते," त्या म्हणायच्या. "हे रोज थोडं थोडं खाते."

रविवार होता. मी उशिरा उठले. खाली आले तर ओसरीवर खुर्ची रिकामी. घराचं दार नुसतं लोटलेलं. आत टेबलावर इन्सुलिनचं पेन उघडंच पडलेलं, आणि शेजारी ताटलीखाली झाकलेले पोहे. मी ताटली उचलली. पोहे जसेच्या तसे, वर कोथिंबीर टाकलेली. झाकण आणि पळी खुंटीवर नव्हती.

इन्सुलिन घेऊन, न खाता, चालायला. याचा अर्थ शुगरवाल्या माणसाला सांगावा लागत नाही: रक्तातली साखर एकदम खाली जाते आणि माणूस जागीच शुद्ध हरपतो.

मी मोबाइल उघडला. नकाशावर रायपूरचा ठिपका रायपूरला होता, माझा घरात होता, आणि काकूंचा खाणीच्या रस्त्यावर होता. नीट बघितलं तर रस्त्यावर नव्हता. रस्त्याच्या आत, डोंगराच्या बाजूला. हलत नव्हता. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. स्कुटीची चावी घेतली आणि निघाले.

बाहेर धुकं होतं. कोळशाच्या गावातलं धुकं पांढरं नसतं, मळकं असतं, आणि घशात त्याची चव येते. समोरून डंपर आला की आधी फक्त दोन पिवळे डाग दिसायचे. वनखात्याचा फलक धुक्यातून अचानक पुढे आला आणि मागे गेला. मोबाइलवर दोन ठिपके जवळ येत होते. मग ते इतके जवळ आले की स्कुटी थांबवावी लागली. उजवीकडे डोंगर, त्याच्या पायथ्याला काटेरी झुडपं, त्यांतून एक पाऊलवाट आत गेलेली. पाऊलवाटेच्या तोंडाशी पळी पडलेली होती.

मी हाक मारली. "काकू!"

फोन लावला. झुडपांच्या आत कुठेतरी त्यांच्या मोबाइलची घंटी वाजायला लागली. तिथेच. पंधरा-वीस हातांवर. आणि त्याच वेळी वर बाभळीवर बसलेली वानरं ओरडायला लागली. खॉक्, खॉक्, खॉक्. माझं बालपण गावात गेलं. वानरं तसं कधी ओरडतात ते मला माहीत आहे. त्यांना खाली काहीतरी दिसलं की ओरडतात. मला तर त्यांनी आधीच बघितलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आतल्या बाजूला बघत होती.

माझा पाय पुढे पडेना. खरंच सांगते, पडेना. घंटी वाजत होती, वानरं ओरडत होती आणि मी पळी हातात घेऊन त्या पाऊलवाटेच्या तोंडाशी नुसती उभी होते.

मागे ट्रक थांबला. चालक कुठल्यातरी दूरच्या मुलखाचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्याने काचेतून विचारलं, "क्या हुआ दीदी?" मी आत बोट दाखवलं. "मेरी काकू... शुगर है... अंदर है..." एवढंच जमलं. त्याने वर वानरांकडे बघितलं. त्याला कळलं असावं, कारण क्षणभर तोही हलला नाही. मग हॉर्नवर हात ठेवून एकदा लांबलचक वाजवला, सीटखालची चाक खोलायची लोखंडी टामी घेऊन उतरला आणि म्हणाला, "मेरे पीछे मत रहिए. साथ में चलिए."

आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून आत शिरलो. काटे ओढणीला धरत होते. घंटी थांबली आणि तिच्या जागी तो गोड आवाज आला, "शाबाश! आप बहुत अच्छा कर रही हैं. रुकिए मत."

काकू एका दगडाला टेकून बसल्या होत्या. थंडीत आमच्या तोंडातून वाफ निघत होती आणि त्यांच्या कपाळावरून, मानेवरून घाम निथळत होता. पातळ भिजलेलं. एका पायातला जोडा नव्हता. डोळे उघडे होते, पण त्यांत मी नव्हते.

"काकू, मी आली. मी, मास्तरीन."

"लाइन लागून नाई राह्यली," त्या जड जिभेने म्हणाल्या. "थांबा जरा. लाइन लागून नाई राह्यली."

मी ओरडले, "शक्कर! शक्कर है क्या?" चालक टामी माझ्या हातात देऊन ट्रककडे पळाला. तो परत येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते, टामी दोन्ही हातांत धरून, झुडपांकडे तोंड करून. वानरं ओरडतच होती. समोरच्या झुडपात काहीतरी हललं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. मी डोळे मिटले नाहीत एवढं नक्की.

चालक ट्रकमध्ये चहा करायचा. त्याने साखरेचा डबाच आणला. पाणी पाजायची सोय नव्हती, घशात अडकलं असतं. मी बोटाला साखर लावून त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिले. पुन्हा, पुन्हा. त्यांचे दात माझ्या बोटावर आले. दुखलं, आणि बरं वाटलं, कारण तेवढी ताकद आली होती. हळूहळू त्यांनी जीभ हलवली, गिळलं. मग माझ्याकडे बघितलं आणि रागाने म्हणाल्या, "साखर कायले देऊन राह्यली मले?"

चालक हसला. मग त्याचा चेहरा पुन्हा कसनुसा झाला, आणि आम्ही दोघांनी काकूंना उचलून ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. तो थेट सरकारी दवाखान्यापर्यंत आला. कोळसा भरायची त्याची पाळी गेली असणार. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

दवाखान्यात सलाईन लागलं. त्या पूर्ण शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, रस्ता सोडून आत कायले गेलत्या?

"तू होती ना म्हनून."

"मी घरी झोपली होती काकू."

त्या म्हणाल्या, "धुक्यात कोनी तरी उभं होतं. थोडं पुढं. मले वाटलं, तू आली घ्यायले. मी हाक मारली तं वळून आत गेलं. मी मांगं मांगं गेली."

"कोण होतं?"

"तूच होती असं वाटलं मले," त्या पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी त्यांचा आवाज बारीक झाला होता.



तेवढ्यात नर्स त्यांचे मोजे काढायला लागली. जोडा नसलेल्या पायाचा मोजा काट्यांनी फाटला होता, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या पायाचा मोजा मात्र निघेना. तळव्याला चिकटला होता. नर्सने सलाईनचं पाणी ओतून तो हळूहळू सोडवला आणि नाकाला रुमाल लावला. अंगठ्याखाली, तळव्यावर, काळी कडा असलेली जखम होती. आजची नव्हती. मोज्यावरचा डागही आजचा नव्हता. धुऊन धुऊन पिवळा पडलेला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आजी, हे किती दिवसांपासून आहे?"

"काय किती दिवसांपासून?" काकू म्हणाल्या. "काही नाई तिथं. मी रोज पाह्यते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी काकूंच्या तोंडासमोर हाताची बोटं धरली. "किती आहेत?"

काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. बोट फिरवून बघणं, चिठ्ठी मला वाचायला लावणं, आवाज एवढा मोठा ठेवणं. मधलं सगळं अंधारून गेलं होतं त्यांना, फक्त कडेकडेचं दिसत होतं. कधीपासून, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. गावभराचे पाय तपासणारी ही बाई रोज दिवेलागणीला आरशासमोर बसत होती आणि आरशात तिला काही दिसत नव्हतं. काहीच दिसत नाही, म्हणजे जखम नाही, असं ती स्वतःला सांगत होती की काय, कोण जाणे.

"मुलीले नोको सांगू," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "थे नेईन मले रायपूरले. डोये गेले म्हनलं का घर गेलं."

सांगावं लागलंच. मुलगी त्याच रात्री निघून आली आणि दवाखान्यातूनच थेट आईला नागपूरला घेऊन गेली. पायाची दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं. डोळ्यांवर लेझर झालं, पण गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकेल एवढंच म्हणाले. ते सगळे दिवस मी वणीच्या त्या घरात एकटी होते. संध्याकाळी ओसरीवरचा दिवा लावायची, आणि पायांवर बोट फिरवून बघायची. स्वतःच्याच. मला काही लागत नव्हतं बोटाला. तरी हात थांबायचा नाही.

मुलगी ते ॲप काढून टाकायला निघाली होती. "ह्याच्याच पायी झालं," म्हणाली. काकूंनी मोबाइल छातीशी धरून ठेवला.

"तिचा काय दोष? मी जेवली नाई, तिले कोनी सांगतलं? पायाले जखम हाय, कोनी सांगतलं? तिले जे सांगतलं थेच तिनं केलं."

पुष्कळ भांडणं झाली. रायपूरला जायचं नाही, यावर काकू हटल्या नाहीत. शेवटी मुलीने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, ताई, तुम्ही रोज आईचा पाय बघाल का? मी हो म्हटलं. डॉक्टरांनी त्या ॲपमध्येच बसून करायचे व्यायाम लावून दिले, आणि चालणं बंद. काकू घरी आल्या. सकाळी इन्सुलिन, त्यांच्यासमोर बसून मी संपवायला लावलेली न्याहारी, मग खुर्चीत बसून हात वर, हात खाली. "बहुत बढ़िया," ती बाई म्हणायची. काकू तिला उत्तर देत नसत. भांडतही नसत. हे मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटायचं.

रोज संध्याकाळी त्या पाटावर पाय ठेवायच्या आणि मी पट्टी सोडून बघायची. मी बघत असताना त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. तोंड त्यांना दिसत नव्हतं, पण बघायच्या. म्हणून मी बघता बघता बोलत राहायची, "कोरडं हाय काकू. लाल नाई. सूज नाई." थोडा वेळ जरी मी गप्प राहिले तरी त्यांची बोटं पदर पिळायला लागायची.

जखम भरायला पावसाळा उजाडला. खास बनवून घेतलेला जोडा आला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडं थोडं चालायला हरकत नाही. रस्त्याने, पण कुणाला तरी सोबत घेऊन.

त्या सकाळी काकू माझ्याआधी तयार होत्या. पातळ नेसलेल्या, वेणी घातलेली, न्याहारी केलेली. मी त्यांच्या जोड्यात हात घालून बघितलं आणि तो त्यांच्या पायात चढवला. वाघाची बातमी तेव्हा कुठेच नव्हती. आकाश स्वच्छ होतं, समोर शेजारच्या बाई सडा टाकत होत्या. ओसरीला दोनच पायऱ्या. काकू पहिल्या पायरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि तिथेच थांबल्या.

मी खाली उतरून हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. खांब धरून उभ्या होत्या.

"काकू?"

"मले भेव लागून राह्यलं वं," त्या म्हणाल्या.

वाघाची पर्वा न करणाऱ्या बाईच्या तोंडून असा शब्द मी कधी ऐकला नव्हता. काही होत नाही, असं म्हणता आलं असतं. पण माझ्या वडिलांना आम्ही ते वर्षभर म्हणत होतो.

"मलेपन लागते," मी म्हटलं. "रोज लागते."

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग खांब सोडला आणि माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी मनगटात रुतली. एक पायरी उतरल्या. मग दुसरी. आंगण ओलांडायला आम्हाला खूप वेळ लागला. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी त्या थांबायच्या, खाली जमीन आहे याची जोड्याने खात्री करायच्या, आणि मग अंगाचा भार टाकायच्या. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी त्याच्या लोखंडी गजावर हात ठेवला. पलीकडे रस्ता होता. मी कडी काढायला गेले तर म्हणाल्या, "आज नोको."

आम्ही परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी कडी त्यांनी काढली.